‘ऊस जाऊ दे, मग बघू’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांचा आहे. पण घरातल्या बायकांनीही रेडिओ बंद करू नये, कारण हा आजार आधी त्यांच्याच लक्षात येतो. माझ्यासमोर बसलेले गृहस्थ ‘तसं काही विशेष नाही डॉक्टर, जरा लघवीची तक्रार आहे’ एवढं सांगून छताकडे बघू लागतात. मग शेजारच्या खुर्चीवरून मावशी बोलतात, ‘ह्यास्नी रात्रीचं पाच-पाचदा उठावं लागतंय. मलाबी झोप न्हाई.’ तिथून खरी तपासणी सुरू होते.

मी कोल्हापुरात मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. माझ्याकडे शहरातले निवृत्त शिक्षक, बँकेतले लोक, व्यापारी येतात. तसे करवीर, राधानगरी, पन्हाळा, शिरोळ भागातले ऊसवाले शेतकरीही येतात. शेतकऱ्याला रात्री उठायची सवयच असते. रात्रीची वीज आली की मोटार सुरू करायची, पाण्याची बारी सांभाळायची. त्यात मोटारीसाठी दोनदा उठलो आणि लघवीसाठी तीनदा, याचा हिशेब तो ठेवत नाही. शहरातल्या माणसाचं वेगळं. पुण्याला जायचं म्हटलं की तो आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणं बंद करतो. पेठनाका, कराड, सातारा, कुठं उतरायला मिळेल हे त्याला पाठ असतं. लग्नाच्या कार्यालयात तो दाराजवळची खुर्ची धरतो. दोघंही आजाराशी जुळवून घेतात आणि दोघांनाही वाटतं, वय झालं की हे चालायचंच.

मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीभोवती एक ग्रंथी असते. तिला आपण सर्रास प्रोस्टेट म्हणतो. मराठीत पौरुषग्रंथी म्हणतात आणि मराठी विश्वकोशात अष्ठीला असा शब्द आहे. अष्ठीला म्हणजे वाटोळा गुळगुळीत दगड. आयुर्वेदात लघवी अडण्याच्या एका प्रकाराला वाताष्ठीला हे नाव फार जुन्या काळापासून आहे. तरुणपणी ही ग्रंथी अक्रोडाएवढी, साधारण वीस ग्रॅमची असते. चाळिशीनंतर पुरुषी संप्रेरकाच्या प्रभावाखाली तिचा आतला भाग वाढू लागतो. पन्नाशीतल्या सुमारे निम्म्या पुरुषांत आणि ऐंशी पार केलेल्या बहुतेकांत ही वाढ सापडते. ती कर्करोग नव्हे आणि तिचं पुढं कर्करोगात रूपांतरही होत नाही. केस पिकतात तसं हे, फक्त जागा अडचणीची.

अडचण कशी, ते शेतकऱ्याला पटकन कळतं. विहिरीवरच्या मोटारीची डिलिव्हरी पाइप चोंदत आली तर आधी मोटार जोर लावते, गुरगुरते, तापते. पाणी येतच असतं, म्हणून मालकाला काही वाटत नाही. एक दिवस वायंडिंग जळतं. मूत्राशय ही आपली मोटार. पुढं नळी आवळली गेली की त्याचा स्नायू जाड होतो, जोर लावून लघवी बाहेर काढतो. धार बारीक होते, थांबून थांबून येते, झाल्यावरही उरल्यासारखं वाटतं, घाई होते, रात्री उठावं लागतं. वर्षानुवर्षं असं चाललं की स्नायू थकतो आणि सैल पडतो. लघवी साठत जाते, तिचा दाब वर मूत्रपिंडांवर येतो. पाइप बदलता येते, पण जळालेली मोटार पाइप बदलून चालू होत नाही. आज मला जे सांगायचं आहे ते एवढ्यातच आहे. लेसरबद्दल बोलणारच आहे, पण हे आधी.

ओळख पुसून एक उदाहरण सांगतो. सत्तरीला आलेले एक शेतकरी. चार एकर ऊस, अंगानं काटक. लघवीची धार बारीक झाल्याला सहा-सात वर्षं झालेली. एकदा पावसाळ्यात सर्दीची गोळी घेतली आणि लघवी पूर्ण तुंबली. गावच्या डॉक्टरांनी नळी घालून मोकळी केली आणि ऑपरेशनचा सल्ला दिला. काकांचं उत्तर ठरलेलं, ‘एवढा ऊस जाऊ दे, मग बघू की.’ ऊस गेला. मग लागण आली, मग पुतणीचं लग्न, मग पुन्हा हंगाम. गोळ्यांवर थोडं बरं वाटलं, त्याही नंतर बंद केल्या. दोन हंगाम गेल्यावर मुलगा त्यांना घेऊन आला तो वेगळ्याच तक्रारीसाठी. वडील रात्री अंथरूण ओलं करतात, भूक गेली आहे, पायांवर सूज आहे. पोटाला हात लावला तर मूत्राशय बेंबीपर्यंत आलेलं आणि काकांना दुखत मात्र काहीच नव्हतं. क्रिएटिनिन सहाच्या वर.

म्हाताऱ्या माणसाचं अंथरूण ओलं होऊ लागलं की घरात सगळे म्हणतात, आता ताबा सुटला. प्रत्यक्षात बऱ्याचदा उलट असतं. टाकी काठोकाठ भरलेली असते आणि वरून सांडत असते. हे लक्षात ठेवा. अशा माणसाला लंगोट नव्हे, दवाखाना हवा.

काकांना नळी घातली, काही आठवड्यांत मूत्रपिंडं बरीचशी सावरली. मग लेसरनं ऑपरेशन केलं. ते उत्तम झालं, वाट स्वच्छ मोकळी झाली. पण मूत्राशयाचा स्नायू परत उभा राहिला नाही. काका आज दिवसातून चार वेळा स्वतःच्या हातानं नळी घालून लघवी काढतात. ते आनंदी गृहस्थ आहेत, कुरकुर करत नाहीत. पण दोन वर्षं आधी हेच ऑपरेशन झालं असतं तर त्या नळीची गरज बहुधा पडली नसती.

आता सगळ्यांनाच ऑपरेशन लागतं का? मुळीच नाही. बहुतेकांना लागत नाही. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘ग्रेड टू प्रोस्टेट’ असं छापून आलं की माणूस घाबरून येतो. ग्रंथीचा आकार आणि त्रास यांचं गणित सरळ नाही. शंभर ग्रॅमच्या ग्रंथीचा माणूस निवांत झोपतो आणि तीस ग्रॅमवाल्याची लघवी तुंबते, असं आम्ही नेहमी पाहतो. म्हणून आम्ही सात प्रश्नांची एक जगन्मान्य प्रश्नावली वापरतो. तिचे गुण ० ते ३५. सातपर्यंत सौम्य, एकोणीसपर्यंत मध्यम, वीसच्या पुढं तीव्र. त्याला लघवीच्या धारेची मोजणी आणि लघवी झाल्यावर आत किती उरते याची सोनोग्राफी जोडायची. तुम्ही घरी एक काम करू शकता. मापाचा एक प्लास्टिकचा मग घ्या आणि तीन दिवस किती वाजता किती लघवी झाली ते वहीत लिहा. काही वेळा त्या वहीतूनच कळतं की दोष प्रोस्टेटचा नाही. साखर वाढलेली असते, किंवा दिवसभर पायात उतरलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर लघवीवाटे बाहेर पडत असतं, किंवा झोपताना तांब्याभर पाणी पिण्याची सवय असते.

औषधं दोन जातीची. एक जात नळीभोवतीचे स्नायू सैल करते. टॅमसुलोसिन हे त्यातलं सर्वांत परिचित नाव. गुण काही दिवसांत येतो. उठताना चक्कर येऊ शकते, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर ही गोळी चालू असल्याचं डोळ्यांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगायचं, कारण तिच्यामुळं बाहुली नीट पसरत नाही आणि त्यांना आधी तयारी करावी लागते. दुसरी जात ग्रंथी आकसवते, तिला सहा महिने द्यावे लागतात. फिनास्टेराइड हे त्यातलं नाव. ती पीएसए ही रक्ततपासणी निम्म्यावर आणते, त्यामुळं रिपोर्ट वाचणाऱ्याला या गोळीची कल्पना हवी. दुकानातून कुणा मित्राची चिठ्ठी दाखवून या गोळ्या आणू नयेत हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो, कारण रंकाळ्यावर सकाळी फिरताना अर्ध्या कोल्हापूरचे औषधोपचार ठरतात.

ऑपरेशन केव्हा? लघवी तुंबली आणि नळी काढल्यावर पुन्हा तुंबली, मूत्रपिंडांवर सूज आली, मूत्राशयात खडा झाला, वारंवार जंतुसंसर्ग होतो, ग्रंथीतून पुन्हा पुन्हा रक्त जातं, किंवा औषधं घेऊनही जगणं कठीण झालं, तर. यातलं काही असेल तर हंगामाची वाट बघू नये.

इथं प्रश्न येतो भीतीचा. कोल्हापूरच्या जुन्या माणसांच्या मनात प्रोस्टेटचं ऑपरेशन म्हणजे पोट फाडणं, रक्ताच्या बाटल्या आणि पंधरा दिवस खाट, असं चित्र आहे. ते खोटं नव्हतं. हे ऑपरेशन नावारूपाला आणलं पीटर फ्रेयर या आयरिश शल्यविशारदानं. सुमारे वीस वर्षं हा गृहस्थ भारतातल्या इंग्रज सरकारच्या वैद्यकीय सेवेत होता. परत गेल्यावर १९०१ साली लंडनहून त्यानं आपली पद्धत प्रसिद्ध केली. ओटीपोटातून मूत्राशय उघडायचं, आत बोट घालायचं आणि संत्र्याच्या सालीतून गर सोडवावा तशी वाढलेली ग्रंथी सोडवून काढायची. साल आत राहते, गर बाहेर येतो. १९४५ साली टेरेन्स मिलिन यानं मूत्राशय न उघडता तेच काम करून दाखवलं. दरम्यान अमेरिकेत लघवीच्या मार्गानंच दुर्बीण घालून विजेच्या तारेनं ग्रंथी खरवडायची पद्धत आली. हेच आपल्याकडे आजही सर्वत्र होणारं टीयूआरपी. पोटावर टाका नाही, हा मोठाच फायदा. पण जुन्या पद्धतीत एक धोका होता. वीज वापरायची म्हणून आत मिठाचं पाणी सोडता येत नसे, आणि दुसरा द्राव रक्तात शोषला गेला की सोडियम उतरून रुग्ण भ्रमिष्ट होई. त्यामुळं तासाभरात काम आटोपायचं बंधन, आणि म्हणून फार मोठी ग्रंथी या मार्गानं काढता येत नसे. आताच्या बायपोलर यंत्रांनी हा धोका जवळजवळ संपवला आहे.

लेसरचं पहिलं यंत्र १९६० साली अमेरिकेत थिओडोर मायमन यांनी चालवून दाखवलं. यात आपल्या मुलखाचा एक धागा आहे. चारच वर्षांनी, १९६४ साली, कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर बनवला तो चंद्रकुमार पटेल यांनी. त्यांचा जन्म बारामतीचा, अभियांत्रिकीचं शिक्षण पुण्याचं. तो लेसर शल्यक्रियेत खूप चालला, पण प्रोस्टेटच्या कामाचा नव्हता, कारण त्याचा किरण काचेच्या बारीक तंतूतून नेता येत नाही. प्रोस्टेटसाठी १९९० च्या सुमारास जे लेसर आले त्यांनी ग्रंथी नुसती आतून भाजून निघे. मग कित्येक आठवडे मेलेले तुकडे लघवीतून पडत, जळजळ होई, नळी लांबे. ‘लेसर केला आणि पस्तावलो’ असं सांगणारे लोक त्या काळातले. नुसत्या नावावर जाऊ नये, ते एवढ्यासाठी.

चित्र पालटलं होल्मियम लेसरनं. न्यूझीलंडमधल्या टाउरंगा या गावच्या पीटर गिलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत विकसित केली. या लेसरचा किरण पाण्यात ताबडतोब शोषला जातो, ऊतीत अर्धा मिलिमीटरही खोल जात नाही. त्यामुळं जिथं टेकवाल तिथंच कापतो आणि कापता कापता रक्तवाहिनी बंद करतो. आत साधं सलाइन वाहतं ठेवता येतं. लघवीच्या मार्गानं दुर्बीण जाते, तिच्यातून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा काचतंतू जातो आणि साल व गर यांच्यामधली फट धरून सगळा गर सोडवला जातो. तो मूत्राशयात ढकलायचा आणि मोर्सेलेटर नावाच्या यंत्रानं बारीक तुकडे करून ओढून घ्यायचा. म्हणजे ऑपरेशन फ्रेयरचंच आहे, फक्त बोटाच्या जागी प्रकाश आला आणि पोटाऐवजी नैसर्गिक वाट. दीडशे-दोनशे ग्रॅमची ग्रंथीही अशी काढता येते. बहुधा कमरेत इंजेक्शन देऊन भूल देतात, नळी एक-दोन दिवसांत निघते आणि रक्त देण्याची वेळ क्वचित येते. ज्यांच्या हृदयात स्टेंट आहे, जे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर आहेत, त्यांना याचा सर्वांत जास्त उपयोग. अशा लोकांना पूर्वी आम्ही ‘नळीवरच राहा’ म्हणत होतो. मात्र या गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. ते हृदयाच्या आणि लघवीच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं.

हिरव्या प्रकाशाचा दुसरा लेसर ग्रंथीची वाफ करतो. रक्तस्राव कमी, पण तपासायला तुकडा उरत नाही. थुलियम हा तिसरा. तोही आता पुष्कळ ठिकाणी वापरतात.

रुग्ण विचारतात, ‘डॉक्टर, तुमच्याकडं लेसर हाय काय?’ दवाखान्याच्या पाटीवर तो शब्द असला की त्यांना धीर येतो. माझं स्पष्ट मत सांगतो. ग्रंथी मध्यम आकाराची असेल तर सरावलेल्या हातानं केलेलं टीयूआरपी आजही चांगलं ऑपरेशन आहे, आणि लघवी मोकळी होण्याच्या बाबतीत ते लेसरच्या फारसं मागं नाही. लेसरनं गर सोडवणं शिकायला कठीण आहे. हात बसायला वीस ते पन्नास ऑपरेशनं जातात. तेव्हा विचारायचंच तर हे विचारा: माझी ग्रंथी केवढी, माझं मूत्राशय अजून चांगलं आहे का, आणि हे ऑपरेशन तुम्ही किती वेळा केलं आहे? असं विचारण्यात उद्धटपणा काही नाही. लेसरच्या नावासाठी जमीन गहाण टाकायची तर अजिबात गरज नाही. थोरल्या दवाखान्यात, म्हणजे आपल्या सीपीआरमध्ये, आधी दाखवून घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन कोणत्या रुग्णालयात बसतं ते आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा.

लाजेबद्दलही थोडं बोलतो. १७ जानेवारी २०२४ रोजी इंग्लंडच्या राजवाड्यानं जाहीर केलं की राजे चार्ल्स यांची प्रोस्टेट वाढली असून त्यांच्यावर रुग्णालयात उपचार होतील. राजाचं दुखणं, तेही असलं, चारचौघांत सांगायची तिथं रीत नव्हती. इतर पुरुषांनी तपासून घ्यावं म्हणून त्यांनी ते सांगू दिलं, आणि त्या दिवसांत तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या माहितीवर लोकांच्या उड्या पडल्या. पुढं फेब्रुवारीत त्यांना वेगळाच, प्रोस्टेटचा नसलेला कर्करोग असल्याचं जाहीर झालं. त्या रुग्णालयातल्या तपासण्यांमध्येच तो लक्षात आला होता. आपल्याकडे तालमीत मांडी ठोकून शड्डू मारलेली माणसं डॉक्टरसमोर मात्र ‘थोडी तक्रार आहे’ म्हणतात.

ऑपरेशननंतर काय होतं तेही आधीच सांगितलेलं बरं. पहिले काही आठवडे लघवी करताना जळजळते, घाई होते. खोकल्यावर किंवा उठताना थेंब गळतात; काहींना ते दोन-तीन महिने चालतं, बहुतेकांचं थांबतं. त्यासाठीचे व्यायाम शिकवतात, ते मनापासून करायचे. दहाव्या-बाराव्या दिवशी लघवी एकदम लाल होऊ शकते. भरपूर पाणी प्यावं. गाठी पडू लागल्या किंवा धार अडली तर लगेच यावं. महिनाभर जड उचलणं नाही, खड्ड्यांतून मोटारसायकल नाही आणि पोट साफ राहील असं खाणं. तांबडा रस्सा काही दिवस बाजूला ठेवला तर जळजळ कमी राहते. कायमचा सोडा असं मी कोल्हापुरात सांगू शकत नाही.

एक प्रश्न रुग्ण सगळं बोलणं झाल्यावर, बायकोला पुढं पाठवून, दाराशी उभं राहून विचारतात. संसारसुखाचं काय? त्याचं उत्तर मी आता खुर्चीवर बसवूनच देतो, आणि जमल्यास दोघांना एकत्र. शक्ती सहसा जाते असं नाही. पूर्वी होती तशी राहते. पण वीर्य बाहेर न येता मागं मूत्राशयात जातं आणि नंतर लघवीवाटे निघून जातं. बहुतेकांच्या बाबतीत हे होतंच. त्यानं इजा होत नाही, पण न सांगता घडलं तर माणूस खचतो. ज्यांना अजून मूल हवं आहे किंवा हा बदल नको आहे, त्यांनी ऑपरेशनपूर्वीच बोलावं, म्हणजे दुसरा मार्ग बघता येतो.

आणि काढलेल्या तुकड्यांचा रिपोर्ट जपून ठेवा. गर निघाला तरी साल आतच असते, आणि प्रोस्टेटचा कर्करोग बहुतांशी त्या सालीतूनच सुरू होतो. म्हणून ऑपरेशन झालेल्या माणसानंही पीएसए तपासणी किती दिवसांनी करायची ते आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं आणि आधीचे आकडे घेऊनच जावं.